जहाज समुद्रात आहे, कॉम्प्युटर बंद करू नये

आमच्या दिवाणखान्यातला कॉम्प्युटर आधी नुसता घुमायचा. मग तो खाकरायला लागला. आणि जून उजाडला, अलेक्झांड्रियाची हवा ओल्या टॉवेलसारखी पाठीला चिकटायला लागली, तेव्हा त्यानं असा काही आवाज लावला की वरच्या मजल्यावरच्या मॅडम इस्मत चपला न घालताच खाली आल्या.

"नबीहसाहेब," त्या दारातूनच म्हणाल्या, "घरात पिठाची गिरणी टाकायची तर इमारतीची परवानगी लागते."

मॅडम इस्मत यांनी सारी उमर मुलींच्या शाळेत पियानो शिकवला. त्यांचे कान एवढे तयार की रस्त्यावरच्या टॅक्सीचा भोंगा कोणत्या सुरात वाजतो हे त्या सांगतात, आणि तो बेसूर असेल तर टॅक्सीवाल्यालाही सांगतात. मी वजन-मापं खात्यात तपासणीस आहे. मोजता येत नाही त्या गोष्टीवर मी वाद घालत नाही. मी म्हणालो, "मॅडम, पंखा जरासा आवाज करतो."

"जरासा? तुमचा पंखा पंचमात रडतोय!"

आमची बायको इतिमाद स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला तर अबू झियादच्या आईचं घोरणं आठवतं." अबू झियाद म्हणजे मीच, झियादचा बाप. माझी आई अल्लाघरी जाऊन बरीच वर्षं झाली, तिची इथं काय गरज होती? पण त्या दिवसांत माझ्या स्वाभिमानाकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

हा कॉम्प्युटर आमच्या झियादचा. खेळ खेळण्यासाठी त्यानं मोठ्या हौसेनं जुळवलेला. बाजूला काच, आत रंगीबेरंगी दिवे, पोटात पंखेच पंखे. नोकरीसाठी झियाद जर्मनीला गेला तेव्हा हे धूड नेता येईना. त्याच सुमारास माझे सासरे, कप्तान मुतवल्ली, गुडघे गेल्यामुळे आमच्याकडे राहायला आले. आजोबांचा वेळ जावा म्हणून झियादनं जाता जाता त्यात एक जहाजाचा खेळ घालून दिला. नातवाचं प्रेम! त्याचा वेळ जर्मनीत छान जातो. आमचा कसा जातो ते ऐका.

कप्तान म्हणजे काही समुद्र पालथे घातलेला माणूस नव्हे. ते बंदराचे वाटाडे होते. बाहेर जाणाऱ्या परदेशी जहाजावर चढायचं, खडक आणि उथळ पाणी चुकवत ते लाटबंधाऱ्याच्या बाहेर काढून द्यायचं, आणि छोट्या लाँचमध्ये उतरून घरी जेवायला यायचं. जहाज पुढं ब्राझीलला जावो नाहीतर जपानला, कप्तानांची पाळी त्याच बंधाऱ्याशी संपायची. अख्ख्या आयुष्यात ते सायप्रससुद्धा बघून आले नाहीत.

आणि या खेळात जग होतं. सगळं. खऱ्या वेगानं. म्हणजे खऱ्या जहाजाला बारा दिवस लागत असतील तर इथंही बारा दिवस. खरा सूर्य, खरी भरती. कप्तानांनी एक जुनं मालवाहू जहाज घेतलं, त्याला माझ्या दिवंगत सासूबाईंचं नाव दिलं, 'दौलत', आणि अलेक्झांड्रियातून निघाले. जिब्राल्टरला पोचले तेव्हा इतिमादनं रव्याचा गोड बासबूसा केला. कानारी बेटं आली तेव्हा मी सासऱ्यांना म्हणालो, "वा काका, मजा आहे!" तेव्हा मला कळलं नव्हतं की हा माणूस थांबणार नाही.

या खेळाची एक खोड होती. प्रवासाची नोंद फक्त बंदरात लागल्यावर व्हायची. मधेच कॉम्प्युटर बंद झाला की जहाज मागच्या बंदरात परत. त्यामुळे आमच्या घरात एक नवा कायदा आला. कप्तानांनी स्वतःच्या हातानं पुठ्ठ्यावर लिहून तो कॉम्प्युटरवर टांगला: जहाज समुद्रात आहे, बंद करू नये.

त्या जून महिन्यात 'दौलत' अर्जेंटिनातल्या ब्यूनोस आयर्सहून चिलीतल्या वालपरायसोला निघाली होती. नकाशा काढून बघा. मधे दक्षिण अमेरिकेचं शेवटचं टोक आहे, केप हॉर्न. शतकानुशतकं जहाजं जिथं बुडत आली ती जागा. आणि आमचा पंखा नेमका आता पंचमात रडायला लागला होता.

दुरुस्त करावा की नवीनच घ्यावा, हा प्रश्न आमच्या घरातून जिन्यात आणि जिन्यातून रस्त्यावर गेला. आमच्याकडे एखाद्या घरात विंचू निघाला तर शेजारी क्षणभर दचकतात आणि मग सल्ला देतात. इथं तर विंचूसुद्धा नव्हता, दचकायचीही गरज नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या वस्फी अफंदींनी आपल्या घरातली प्रत्येक वस्तू बदलून टाकली आहे, बायको सोडून, आणि तीही आता काळजीत असते. ते म्हणाले, "जुनं यंत्र आणि जुना दात, दोन्ही उपटून टाकावं." समोरच्या औषधवाल्याचं मत पडलं की यंत्रात खारी हवा शिरली आहे, गरम तांदळाच्या पोत्यात ठेवा. "चालू असताना?" मी विचारलं. "भात झाला तर कळवा," तो म्हणाला.

शेवटी आम्ही इंजिनियर हाझिमला बोलावलं. आमच्या शहरात हातात स्क्रू-ड्रायव्हर असला की माणूस इंजिनियर आणि डोळ्यांवर चष्मा असला की डॉक्टर. हाझिमकडे दोन्ही होतं, त्यामुळे तो आला तो थेट शल्यविशारदाच्या तोऱ्यात. त्यानं कप्तानांकडे बघून विचारलं, "बंद करू?"

"पाटी वाच," कप्तान म्हणाले.

हाझिमनं पाटी वाचली, माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. मग त्यानं चालू यंत्राची काच अलगद काढली आणि आम्ही सगळे पुढं वाकलो.

मी आयुष्यात कधी कॉम्प्युटरच्या आत बघितलं नव्हतं. मला वाटलं होतं, चार तारा आणि एक पेटी असेल. आत एक शहर होतं. धुळीच्या धुक्यात निळे-जांभळे दिवे, उंच इमारतींसारख्या उभ्या पट्ट्या, त्यांच्यामधून गल्ल्या, पूल, गच्चीवर फिरणारे पंखे. धूळ अशी साचली होती जशी वाळवंटातल्या खमसीन वाऱ्यानंतर गच्च्यांवर वाळू साचते. गल्ल्यांमध्ये कप्तानांनी खाल्लेल्या भोपळ्याच्या बियांची सालं पडली होती. आणि या उकिरड्यात बसून ते यंत्र अटलांटिक महासागर चालवत होतं. एकेक लाट. एकेक ढग. इतिमाद हळूच म्हणाली, "देवाची करणी!"

हाझिमनं निकाल दिला. "हा गेला. नवीन घ्या."

"गेला कसा?" मी म्हणालो. "चालतोय की."

"सवयीनं चालतोय. चित्र काढणारं जे कार्ड आहे ना, त्याचा पंखा मोडीत निघालाय. हा पंखा आता इथं मिळत नाही. बाहेरून मागवावा लागेल. तेवढ्यात त्यानं मान टाकली तर कार्ड भाजून निघेल. माझ्याकडे नवीन यंत्र आहे, दाखवू?"

"नव्यावर हा खेळ चालेल?" कप्तानांनी विचारलं.

हाझिम जरा घुटमळला. "हा खेळ काढणारी कंपनी कधीच बंद पडली, कप्तान. चालेलही. नाहीही."

"मग पंखा मागव. मला वालपरायसोपर्यंत पोचायचंय. तिथं नोंद झाली की तुम्ही याचं काय ते करा."

पंखा मागवला. तो आलाही, पण आमच्यापर्यंत नाही. पार्सल तपासणीच्या कचेरीत त्याला अडवून ठेवलं होतं. मी कोट घालून गेलो. सरकारी माणूस सरकारी माणसाकडे जातो तेव्हा कोट घालावा, म्हणजे दोघांनाही उकडतं आणि काम लवकर आटपतं, असा माझा अनुभव. खिडकीपलीकडे एक शांत गृहस्थ फुलचं, म्हणजे शिजवलेल्या घेवड्याच्या दाण्यांचं, सँडविच खात बसले होते.

"पार्सलमध्ये काय आहे?"

"पंखा."

"पाती असलेला?"

"पातीशिवाय पंखा असतो का?"

इथं मी चुकलो. सरकारी खिडकीत प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देऊ नये, हे मी स्वतः लोकांना शिकवत आलोय.

"पाती असलेली वस्तू उडू शकते," ते म्हणाले. "उडणाऱ्या वस्तूला वेगळी परवानगी लागते."

"साहेब, तळहाताएवढा आहे तो. कॉम्प्युटरच्या पोटात बसतो."

"बसतो. पण बाहेर काढला तर?"

"माझ्या घरी छताला पंखा आहे. माझं लग्न झाल्यापासून आहे. तो कधी उडाला नाही."

"कारण तो छताला बांधलेला आहे," ते गृहस्थ शांतपणे म्हणाले आणि सँडविचचा पुढचा घास घेतला.

खोटं कशाला बोलू, मला आदर वाटला. आमच्या खात्यात एवढ्या खोल विचाराचा माणूस नाही. त्यांनी सांगितलं की पंखा उडतो की नाही हे समिती ठरवेल, आणि समिती बसली की मला कळवतील. मी कोट हातावर टाकून घरी आलो.

तोवर 'दौलत' पातागोनियाच्या किनाऱ्यानं खाली उतरत होती आणि रोज दुपारची वीज जायला लागली होती. त्या उन्हाळ्यात शहरभर वीज आळीपाळीनं कापत होते. आमच्या भागाची पाळी दुपारी. आमच्याकडे एक यूपीएस होता, पण तो लहान पोराच्या उपासासारखा, बारा मिनिटांत मान टाकायचा. पहिल्या दिवशी वीज नेमकी दहाव्या मिनिटाला परत आली. तेवढ्यात कप्तानांची दाढी आणखी पांढरी झाली असं मला वाटलं. पुढं असं चालणार नव्हतं.

जनरेटर होता तो फक्त खाली, उस्ताद खमीसच्या रसाच्या दुकानाबाहेर. ऊस पिळणारं यंत्र त्यावर चालायचं. आता खमीसकडे जायचं म्हणजे माझ्यासाठी अवघड काम. मागच्या वर्षी मीच त्याच्या ग्लासांची तपासणी केली होती. त्याच्या ग्लासाचा तळ एवढा जाड होता की वर अर्धा रस आणि खाली अर्धी काच. मी सगळे ग्लास बदलायला लावले होते. तेव्हापासून तो मला "पातळतळसाहेब" म्हणतो. तोंडावर नाही, पण अलेक्झांड्रियात तोंडामागं बोललेलं अर्ध्या तासात तोंडापर्यंत पोचतं.

मी गेलो. सगळं सांगितलं. केप हॉर्न, कप्तान, वीज.

खमीसनं उसाचं कांडं यंत्रात सारलं. "म्हणजे तुम्हाला माझी वीज हवी."

"हो."

"देतो. कप्तानांसाठी. बाबाला ओळखत होते ते माझ्या. पण माझी एक अट. रोज संध्याकाळी, गर्दीच्या वेळी, तुम्ही दुकानासमोर उभं राहून एक ग्लास प्यायचा. सावकाश. आणि तोंड पुसून म्हणायचं, 'वा!'"

वजन-मापं खात्याचा तपासणीस रस्त्यात उभा राहून रसाच्या दुकानाची जाहिरात करतो, हे कुठल्या नियमात बसतं? मी रस्त्यातच विचार करत उभा राहिलो. वरच्या खिडकीतून इतिमाद ओरडली, "हो म्हण, अबू झियाद!" मी हो म्हणालो. (रस खरंच चांगला होता. तेच तर वाईट.)

केबल वर कशी आणायची? भाजी वर ओढायची टोपली इतिमादनं दोरीनं खाली सोडली, खमीसनं केबलचं टोक तीत ठेवलं, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत वीज टोपलीत बसून आली. सोबत दोन ग्लास रसही. एक अडचण राहिली: खाली खमीसनं ऊस पिळायला घेतला की वर यूपीएस चिवचिवायचा आणि पडद्यावरचा अटलांटिक क्षणभर अंधारायचा. कप्तान न वळता म्हणायचे, "कुणीतरी मोठा ग्लास मागितला."

जहाज हॉर्नला पोचायचं त्या दिवशी मी रजा टाकली. रजेच्या कारणात काय लिहायचं याचा बराच विचार केला आणि "कौटुंबिक जलप्रवास" लिहिलं. साहेबांनी मंजूर केली. त्यांना वाटलं असावं मी घरच्यांना घेऊन नाईलवर चाललोय.

तिकडे हिवाळा. दिवस एवढा छोटा की तिथं सूर्य उगवायची वेळ म्हणजे आमची दुपार उतरायची वेळ. आमच्याकडे वीज गेली, खालचा जनरेटर धडधडला, आणि तिकडे वादळात अंधार होता. पडद्यावर नुसतं काळं पाणी डोंगरासारखं उठायचं आणि 'दौलत'चं नाक त्यात घुसायचं. प्रत्येक लाटेबरोबर यंत्र घशातून ओरडायचं. हाझिम म्हणाला होता तसंच, वादळ रंगवायला यंत्राला सगळ्यात जास्त श्रम पडतात.

हाझिमही आला होता. तो नवीन यंत्राचं चित्र दाखवायला आला होता, पण दारातच अडकला. कारण खोलीत जागा नव्हती. मॅडम इस्मत तक्रार करायला आल्या होत्या, त्या खुर्चीवर बसल्या. वस्फी अफंदी "पाच मिनिटं" म्हणून आले. खमीसनं स्वतःहून पिळण्याचं यंत्र बंद ठेवलं होतं, म्हणजे वीज थरथरायला नको. गिऱ्हाइकांनी विचारलं, "रस का नाही?" तो म्हणाला, "जहाज हॉर्नला आहे." मग तीन-चार गिऱ्हाइकं त्याच्यामागून जिना चढून वर आली. हातात रिकामे ग्लास तसेच.

"थांबा," मॅडम इस्मत एकदम म्हणाल्या. "सूर उतरला."

"कुठला सूर?" मी विचारलं.

"तुमच्या गिरणीचा! पंचमावरून घसरतोय. घसरतोय..."

आणि तो आवाज थांबला. इतके दिवस ज्याला आम्ही शिव्या दिल्या तो आवाज. खोलीत फक्त वादळ ऐकू येत होतं. हाझिम गर्दीतून उड्या मारत पुढं आला आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघून ओरडला, "पंखा मेला! तापमान चढतंय. कप्तान, बंद करा, कार्ड जळेल!"

कप्तान मुतवल्ली गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहिले. मी त्यांना आधाराशिवाय उभं राहिलेलं कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं. ते हाझिमकडे वळलेसुद्धा नाहीत. "जहाज समुद्रात आहे," ते म्हणाले.

"टेबलफॅन लावा!" वस्फी अफंदी म्हणाले.

"ही केबल बारीक आहे, झेपणार नाही," खमीस म्हणाला आणि खाली धावला. तो बर्फाची लादी घेऊन परत आला. हाझिम किंचाळला, "पाणी नको! पाणी नको!" खमीस बर्फ कवटाळून तसाच उभा राहिला. आणि तेवढ्यात इतिमाद स्वयंपाकघरातून आली. तिच्या हातात पिसांचा पंखा होता, मक्याची कणसं भाजताना निखाऱ्यांवर हलवतात तो. तिनं तो माझ्या हातात दिला.

"हलव," ती म्हणाली.

मी सरकारी नोकर आहे. माझा एक दर्जा आहे. मी यंत्रासमोर गुडघ्यांवर बसलो आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या कणीसवाल्यासारखा वारा घालायला लागलो. एक गिऱ्हाईक म्हणालं, "दोन द्या, मीठ जास्त." कुणी हसलं नाही. हाझिम आकडे वाचत होता, "चढतंय... चढतंय... थांबलं. थांबलं! जोरात, नबीहसाहेब! उतरतंय!"

माझा हात खांद्यातून निखळायची वेळ आली तेव्हा मॅडम इस्मतनी पंखा माझ्या हातातून घेतला. "तुम्हाला ताल नाही," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी वारा घालायला सुरुवात केली, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, सारी उमर मुलींना शिकवलेल्या त्याच तालात. मग हाझिमनं घेतला. ज्यानं नवीन यंत्र विकायला यावं त्यानं जुन्याला वारा घालावा, असा तो दिवस होता.

आणि तेवढ्यात तिकडे उजाडलं.

मी काय सांगू? मी हा पडदा रोज बघत होतो. हा खेळ आहे, कुणीतरी तो कुठल्यातरी खोलीत बसून बनवलाय, हे मला माहीत होतं. पण करडा उजेड पसरला आणि लाटांच्या पलीकडून, पावसाच्या सपकाऱ्यांमधून एक काळा खडक वर आला. एकटा. जगाच्या टोकाला. त्याच्या पायाशी पांढरा फेस उसळत होता आणि त्याच्यावरून पंख न हलवता एक मोठा पक्षी सरकत होता. खोलीतली सगळी माणसं जहाजाबरोबर एकदा डावीकडे झुकली, एकदा उजवीकडे. कुणाला कळलंही नाही. खमीसच्या हातातला बर्फ वितळून त्याच्या चपलांवर ठिबकत होता. मॅडम इस्मतचं तोंड उघडं होतं. इतिमादनं माझा हात धरला होता, लग्नात धरला होता तसा.

कप्तान आज्ञा देत होते. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. "उजवीकडे घे. हळू. धर. तसंच धर." ते सुकाणूच्या चाकाशी, म्हणजे झियादच्या गाडीच्या खेळातल्या प्लॅस्टिकच्या चाकाशी, बोलत होते. 'दौलत' वर चढायची, टोकावर थरथरायची, खाली कोसळायची. आणि प्रत्येक वेळी पुन्हा वर यायची. मग तो खडक आमच्या उजव्या बाजूला आला. मग हळूहळू मागं गेला.

"वळलो," कप्तान म्हणाले.

मग ते बसले आणि कुणालाच उद्देशून नाही असं बोलले, "मी कितीतरी जहाजं इकडे यायला सोडली. कप्तान लोक सांगायचे, हॉर्न बघायचा असतो. मी म्हणायचो, हो हो, आणि उतरून घरी जायचो." त्यांनी रुमाल मागितला. कुणीतरी खांद्यावरून आपला दिला.

त्यानंतर प्रशांत महासागर खरंच प्रशांत होता. यंत्रावर ताण कमी, वीज असताना टेबलफॅन आणि नसताना आळीपाळीनं पिसांचा पंखा. इमारतीतल्या लोकांनी स्वतःच पाळ्या ठरवल्या. याच दिवसांत पार्सल कचेरीतून आमचा पंखा आला, सोबत पत्र: समितीच्या तपासणीत सदर वस्तू उडत नसल्याचे आढळले आहे. हाझिम म्हणाला, चालू यंत्रात तो बसवणार नाही. मीही आग्रह केला नाही. एवढ्या लांबून आणलेल्या रोग्याला बंदराच्या तोंडाशी मारायचं कशाला?

वालपरायसो दिसलं तेव्हा पुन्हा खोली भरली. टेकडीवर रंगीत घरं, खाली बंदर. आणि बंदरातून एक छोटी लाँच आमच्याकडे निघाली. कप्तान खुर्चीत ताठ झाले. लाँच 'दौलत'ला चिकटली, एक माणूस दोरीच्या शिडीनं वर चढला, सुकाणूच्या खोलीत आला आणि पडद्यावर त्याचं बोलणं उमटलं: वाटाड्या आला आहे. जहाज त्याच्या ताब्यात द्या.

कप्तान उभे राहिले. खिशातून कंगवा काढून त्यांनी केस नीट केले. मग म्हणाले, "इतिमाद, चहा ठेव. दोन चमचे साखर. या लोकांना थंडीत वर चढावं लागतं."

तिनं खरंच ठेवला.

पण जहाज ताब्यात देणं काही त्यांना जमेना. वाटाड्यानं वळण घेतलं की हे ओरडायचे, "अरे, फार लवकर! भरती बघ! कुणी शिकवलं तुला?" मी म्हणालो, "काका, तुमच्याशीही कप्तान लोक असंच बोलायचे का?" ते म्हणाले, "सगळे. हरामखोर, सगळे." आणि मग वाटाड्यानं 'दौलत'ला धक्क्याला असं लावलं की पडदा हललासुद्धा नाही. कप्तान खुर्चीत बसले. "चांगला आहे," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगला नाही. पण चांगला आहे."

पडद्यावर नोंद झाल्याचा शब्द आला. कप्तानांनी पुठ्ठ्याची पाटी काढली, घडी केली, आणि स्वतः बटण दाबून यंत्र बंद केलं. वस्फी अफंदी टाळ्या वाजवायला लागले, पण कुणी साथ दिली नाही म्हणून थांबले. मॅडम इस्मत डोळे मिटून त्या शांततेत बसल्या होत्या.

"आता?" हाझिमनं विचारलं. "नवीन?"

सगळ्यांनी कप्तानांकडे बघितलं. कप्तानांनी माझ्याकडे. का कोण जाणे, पण त्या घरात पहिल्यांदाच सगळे माझ्या उत्तरासाठी थांबले होते.

दुसऱ्या दिवशी मी समितीनं सोडलेला पंखा खिशात घातला आणि ते यंत्र स्वतः उचलून जिना उतरलो. जड होतं. खमीसनं रस्त्यात उभं राहून गाड्या थांबवल्या. औषधवाल्यानं दार उघडून धरलं. हाझिमच्या दुकानात त्याचा नवा मदतनीस बसला होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. मी यंत्र टेबलावर ठेवलं. त्यानं पावतीपुस्तक पुढं ओढलं आणि वर न बघता विचारलं, "काय तक्रार आहे?"

मी विचार केला. खूप विचार केला.

"तक्रार काही नाही," मी म्हणालो. "हा केप हॉर्नला वळसा घालून आलाय. जरा जपून उघडा."